साडेतीन तासांची फेरमोजणी

ऑक्टोबरातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. जागा: गारखेड्यातल्या आमच्या इमारतीचा तिसरा मजला, मोजणीदार काकांची बैठकीची खोली. वादातली रक्कम: साडेतीन तास. हजर: काका आणि मी. भिंतीवर सुमनकाकूंचा फोटो होता, पण त्याला मी हजर धरत नाही. काकांनी धरला होता की नाही ते सांगता येणार नाही, कारण बोलताना ते मधूनमधून तिकडे बघत होते.

काका आता नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

त्यांचं नाव रंगनाथ देवकते. जमीन मोजणीच्या खात्यात बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. वडील बिडकीनच्या बाजूला मेंढ्या राखायचे आणि संध्याकाळी कळप दोनदा मोजल्याशिवाय भाकरीला हात लावायचे नाहीत, असं काका सांगत. दोनदा का, तर पहिल्यांदा मोजणाऱ्यावर भरवसा नाही म्हणून. मोजणारे तेच असले तरी. काकांनी ही सवय शेतातून शहरात आणली. उंच, वाळके, पांढरा शर्ट, आणि उजव्या खिशात पाच मीटरची पोलादी फीत. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"मोजलं का?"

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नटबोल्टांचा हिशेब ठेवून माझाही स्वभाव काही भोळा राहिलेला नाही. तरी काकांपुढे मी भाबडाच ठरलो. राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी माझी मागची खोली मोजली आणि बिल्डरच्या कागदापेक्षा ती नऊ इंच कमी भरली. नऊ इंच मी आठ वर्षांच्या हप्त्यांत फेडणार होतो. मी आभार मानले. ते म्हणाले, "आभार कशाचे? तुम्ही कुलकर्णी. तुमच्या वाडवडलांनी आकडे लिवले, आमच्या लोकांनी मेंढरं मोजली. लिवणाऱ्यानं आधी मोजणाऱ्याला इचारायला पायजे होतं."

उन्हाळ्यात इमारतीला टँकर येई. दहा हजार लिटरचे पैसे, आणि किती येतं ते देव जाणे. एकदा काका काठी घेऊन टँकरवर चढले. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. झाकण उघडून काठी आत सोडली, ओल कुठवर आली ते बघितलं, टाकीची लांबी-रुंदी फितीनं घेतली आणि वरूनच ओरडले, "शहाऐंशीशे."

ड्रायव्हर खाली विडी ओढत होता. "चाचा, रास्ते में हिलता है, थोडा गिरता है."

"चौदाशे लिटर सांडलं असतं तर रस्त्यावर भाताची लावणी झाली असती. मला एकबी रोप दिसलं नाय."

त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा टँकर काठोकाठ भरून येई. बाकीच्या इमारतींचं मला माहीत नाही.

पण काकांचं खरं वेगळेपण मोजण्यात नव्हतं, त्याच्या फीमध्ये होतं. सरकारी मोजणी मान्य नसेल तर फेरमोजणी मागता येते, पण मागणाऱ्यानं आधी फी भरायची. काकांनी आमच्या इमारतीसाठी ती पाच रुपयांचं नाणं इतकी ठरवली होती. कुणावर संशय असेल त्यानं नाणं काकांच्या टीपॉयवर ठेवायचं, मग काका फीत काढणार. संशय खरा निघाला तर नाणं परत. खोटा निघाला तर ज्याच्यावर संशय घेतला त्याच्या हातात ते नाणं स्वतः नेऊन ठेवायचं. हातात ठेवायचं, आणि एक शब्दही बोलायचा नाही.

"तोंडानं माफी मागायला लोकांना लई सोपं जातं," काका म्हणत. "पाच रुपये हातावर ठेवताना मान खाली जाती. ती जायला पायजे."

ही फी मीही भरलेली आहे. तळमजल्यावरच्या सय्यदभाईंची गाडी माझ्या जागेत येते असा मला वर्षभर संशय होता. नाणं ठेवलं. काकांनी भिंतीपासून फीत लावली. गाडी रेघेच्या आत होती. माझीच स्कूटर चार बोटं त्यांच्या हद्दीत होती. मी पाच रुपये सय्यदभाईंच्या हातावर ठेवले. ते हसून म्हणाले, "कुलकर्णी, यह मैं खर्च नहीं करूंगा." त्यांनी ते गाडीच्या काचेमागे चिकटवलं. अजून आहे. रोज दिसतं.

तर तो रविवार.

आदल्या रात्री मला काकांच्या मुलाचा, संदीपचा, अमेरिकेतून फोन आला होता. तो सिअ‍ॅटलला असतो. आवाज संकोचलेला. म्हणाला, "दादा, नोव्हेंबरात सोळा दिवस येतोय. बाबा फोनवर 'बरं' म्हणतात आणि ठेवून देतात. दोन वर्षं असंच चाललंय. तुम्ही जरा विचाराल का, मी घरी उतरू की हॉटेल बघू?"

आपल्या घरी उतरण्यासाठी माणसाला शेजाऱ्याकडून परवानगी काढावी लागते, हे ऐकून मला कसंतरीच झालं. पण खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल माझ्याही मनात चांगलं नव्हतं. इमारतीत कुणाच्याच नव्हतं. काकू गेल्या तेव्हा तो पोचला नव्हता, आणि का पोचला नव्हता याबद्दल जिन्यात बरंच बोललं गेलं होतं. मी त्यात बोललो नव्हतो, पण उभा राहून ऐकलं होतं.

मी काकांना विचारलं. ते उठले, आतून जगाचा भिंतीवरचा नकाशा आणि मेण लावलेला दोरा घेऊन आले, नकाशा दिवाणावर पसरला आणि म्हणाले, "बसा. तुम्हाला आकड्यातलं कळतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या क्रमानं देतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत, मंगळवारी रात्री नऊ वाजता, काकूंची तब्येत एकाएकी बिघडल्यावर काकांनी संदीपला फोन केला. तिथं तेव्हा मंगळवारचीच सकाळ, साडेआठ. गुरुवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी काकू गेल्या. संदीप मुंबईहून टॅक्सीनं आला तेव्हा आठ चाळीस झाले होते. साडेतीन तास उशीर.

"त्या दिवशी तो आत्याला सांगत होता," काका म्हणाले. "मी दाराआड होतो. म्हणाला, एक वाजताचं विमान होतं फ्रँकफर्टवरून, ते सोडलं, पाचचं घेतलं. ऐकलं तुम्ही? सोडलं. आता बघा. चार तास आधी निघाला असता तर चार तास आधी पोचला असता. म्हणजे चार चाळीसला. ती पाच दहाला गेली."

वजाबाकी मी मनात करून टाकली होती. अर्धा तास.

"अर्धा तास मिळाला असता तिला," काका म्हणाले. "सारखी दाराकडं बघत होती."

"पण का सोडलं ते विचारलं का?"

"इचारायचं कशाला? पुरावा हाय की." त्यांनी मोबाइल काढला. विमानात सीटपुढे जो पडदा असतो त्याचा संदीपनं तेव्हा पाठवलेला फोटो होता. खाली लिहिलेलं, 'येतोय बाबा.' पडद्यावर विमानाचं चित्र नकाशाच्या अगदी माथ्यावर होतं, आजूबाजूला नुसतं पांढरं.

काकांनी दोरा सिअ‍ॅटलवर धरला आणि मुंबईपर्यंत ताणला. "ही सरळ रेघ. फ्रँकफर्ट रेघेच्या थोडं वर हाय, चालतंय, एवढा फेर पडतो. सत्तावन्न सेंटिमीटर. आणि हा गेला कुठून?" त्यांनी दोरा नकाशाच्या वरच्या कडेपर्यंत नेला, कडेकडेनं उजवीकडे सरकवला, मग खाली आखातात दुबईवर आणि तिथून मुंबईला. दोरा पुरेना. "मीटरच्या वर. कागदाच्या बाहेर गेलं विमान. आई मरायला टेकली आन् हा जवळचं सोडून लांबच्या वाटेनं येतो. कुणीतरी संगं असंल, न्हाय तर कामाचं काही असंल. मी इचारलं नाय. इचारलं की खोटं ऐकावं लागतं."

मी त्या दोऱ्याकडे बघत राहिलो. संशय घेण्यात मीही कमी नाही, आणि हा पुरावा दिसायला पक्का होता. पण स्टोअरमध्ये आकडा एवढा पक्का दिसला की मी आधी वजनकाटा तपासतो.

"काका," मी म्हटलं, "पृथ्वी गोल आहे. तुम्ही सपाट कागदावर मोजताय."

ते चिडले नाहीत. शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून म्हणाले, "कुलकर्णी, बत्तीस वर्षांत मी दोनशेच्या वर गावं मोजली. एका गावात पृथ्वी सपाटच धरायची असती. नियमच हाय. बिडकीनला दोन भावांचा बांध मोजला, एकदा इकडून, एकदा तिकडून. बोटाचाबी फरक नाय. तिथं कुठं गोल आली पृथ्वी?"

"सिअ‍ॅटल बिडकीनमध्ये नाही."

काकांनी नकाशाची गुंडाळी केली. मग खिशात हात घातला, पाच रुपयांचं नाणं काढलं आणि स्वतःच्याच टीपॉयवर ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांना स्वतः फी भरताना मी प्रथमच पाहिलं.

"गोल कुठं मिळंल?"

औरंगपुऱ्यात शाळेच्या सामानाचं एक दुकान आहे. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिथं गेलो. काकांनी सगळ्यात मोठा पृथ्वीगोल काउंटरवर घेतला आणि पहिल्यांदा विषुववृत्तावर फीत गुंडाळली. चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचाय का नुसता मोजायचाय?"

"कमी भरला तर घेणार नाय."

मी कागदावर मांडलं. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर साधारण सव्वाचारशे. काकांनी दोऱ्याचं एक टोक सिअ‍ॅटलवर दाबलं, मला धरायला लावलं. दुसरं दुबईवर. दोरा त्यांनी ठरवून युरोपावरून नेला, बोटानं दाबून धरला, ताणला आणि बोट सोडलं.

दोरा सरकला. आपोआप, युरोपावरून वर, हिरवं सोडून पांढऱ्यात, आणि थेट ध्रुवाजवळ जाऊन थांबला.

काकांनी पुन्हा तो खाली आणला, बोटानं दाबला, सोडला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या बाजूनं ओढतोय की काय म्हणून. मग माझं टोकही स्वतःच धरलं. दोन हात दोन टोकांना आणि फ्रँकफर्टवर हनुवटी टेकवलेली. दुकानदार हसायला लागला. काकांनी हनुवटी उचलली. दोरा वर गेला.

"ढिला होता," ते हळूच म्हणाले. "सरळ नव्हता. ताणला की वरच जातो."

मग त्यांनी रीतसर मोजलं. संदीप आला तो रस्ता, ध्रुवावरून दुबई आणि मग मुंबई: साडेबत्तीस सेंटिमीटर, म्हणजे पावणेचौदा हजार किलोमीटरच्या थोडं वर. फ्रँकफर्टवरून: पावणेपस्तीस, म्हणजे पावणेपंधरा हजार. लांबचा रस्ता हजारभर किलोमीटरनं जवळचा निघाला.

गोल त्यांनी विकत घेतला. रिक्षात मांडीवर धरून बसले होते. क्रांती चौक येईपर्यंत बोटानं तीच वाट पुन्हा पुन्हा गिरवत होते. मग म्हणाले, "रस्ता जवळचा होता, मान्य. पण म्हणून तो चार तास उशिरा निघाला हे खोटं होत नाय. ती दुसरी बाब हाय."

मला वाटलं होतं विषय संपला. पण त्यांचं बरोबर होतं, दुसरी बाब होती. मी रिक्षा थांबवली. चौकात माझ्या ओळखीचा एक तिकीट एजंट बसतो. त्याच्याकडे काकू गेल्या त्याच आठवड्यात सिअ‍ॅटलहून आणलेल्या एका गिऱ्हाइकाचा जुना कागद निघाला. एजंट बोट फिरवत म्हणाला, "हे बघा, एक वाजता निघालं, दहा तासांनी फ्रँकफर्ट. तिथं मुंबईचं विमान संध्याकाळचं. नऊ तास बसायचं बाकावर. मग आठ तास. मुंबईत गुरुवारी पहाटे साडेचार. अर्जंटवाला हे कशाला घेईल? पाचचं घ्यायचं. चौदा-सव्वाचौदा तास दुबई, अडीच तास थांबा, तीन तास मुंबई. सव्वाएकला बाहेर."

काकांनी आकडे स्वतः मांडले. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

एक वाजताच्या विमानानं संदीप मुंबईला सव्वातीन तास उशिरा उतरला असता. घरी आला असता दुपारी बाराच्या सुमारास. त्यानं त्या दिवशी मिळणाऱ्यांपैकी सगळ्यात लवकर पोचवणारी वाट निवडली होती. आईच्या वाट्याचा जो अर्धा तास काका दोन वर्षं त्याच्या नावावर लावत होते, तो कुठल्याच विमानात नव्हता.

"उशिरा निघून आधी पोचला," काका म्हणाले. कागदाची घडी घालून फितीच्या खिशात ठेवली. "त्याला सांगा, हाटेल कशाला? घरी उतर म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना."

"तुम्हीच सांगा. मला त्याला वेगळं द्यायचं हाय."

संदीप नोव्हेंबरात आला. काकांनी त्याची खोली झाडून ठेवली होती. वांग्याचं भरीत, ठेचा, ज्वारीची भाकरी, सगळं माझ्या बायकोकडून करवून घेतलं. "जेवलास का" आणि "झोप झाली का" यापलीकडे बाप-लेकांचं फार बोलणं मी ऐकलं नाही, पण आवाजातला ताठपणा गेला होता. दोघे एकदा पैठणला जाऊन आले. एकदा गच्चीवर फीत धरून काहीतरी मोजत होते.

पण नाणं तिथंच होतं.

मी रोज काही ना काही कारण काढून वर जायचो आणि टीपॉयकडे बघायचो. पाच रुपये, पेपराच्या कडेला, जिथं ठेवले तिथंच. पहिले चार दिवस मी म्हटलं, वेळ बघत असतील. आठव्या दिवशी मला संशय यायला लागला. बाराव्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "दुसऱ्यांकडून फी घेणारा माणूस स्वतःची बुडवतोय."

ती म्हणाली, "त्यांनी नाणं दिलं तर त्या मुलाला कळेल, की बापानं दोन वर्षं आपल्यावर काय संशय घेतला. त्याला आज ते माहीत नाही. हे तुमच्या हिशेबात धरलंय का?"

धरलेलं नव्हतं. संदीप लहानपणापासून त्या नियमात वाढलेला. त्याच्या हातावर नाणं पडलं तर अर्थ सांगायची गरज नव्हती. त्याला वाटत होतं की बाबा दुःखानं गप्प झालेत. ते तसंच राहू दिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. तरीही मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. देणार नाहीत बघ."

सोळाव्या दिवशी दुपारी आम्ही तिघं चिकलठाण्याच्या विमानतळावर गेलो, ते दोघं रिक्षात, मी मागून स्कूटरवर. निघताना मी टीपॉय बघितला. नाणं नव्हतं. म्हटलं, भाजीवाल्याला गेलं असेल.

दारावरच्या जवानानं संदीपचं तिकीट बघितलं. तो वाकून काकांच्या पाया पडला आणि उभा राहिला. काकांनी त्याचा उजवा हात धरला, तळवा वर केला आणि खिशातून नाणं काढून त्यावर ठेवलं. बोलले नाहीत. त्यांची मान खाली गेली.

संदीप आधी हसला. मग नाण्याकडे बघता बघता त्याचं हसू गेलं. मागे लोक ट्रॉल्या घेऊन उभे होते, कुणीतरी "भाईसाब, चलो" म्हणालं. तो जागचा हलला नाही.

"बाबा, कशाचे?"

काका बोलणार नव्हतेच. त्यांनी फितीच्या खिशातून ती घडी काढून त्याला दिली. संदीपनं उलगडून आकडे वाचले, वरून खाली. एक वाजता, पाच वाजता, साडेचार, सव्वाएक. वाचून झाल्यावर खूप हळू विचारलं, "कधीपासून?"

काकांनी दोन बोटं वर केली.

मला वाटलं, आता हा नाणं परत देईल, किंवा तसाच आत निघून जाईल. त्याचा चेहरा तसा झाला होता. त्यानं कागदाची घडी घातली, मूठ मिटली, आणि त्या मिटलेल्या मुठीसकट बापाला मिठी मारली. काकांचे हात दोन्ही बाजूंना तसेच सरळ राहिले, मग एक वर आला. संदीप आत गेला. काचेतून दिसेनासा होईपर्यंत मूठ मिटलेलीच होती.

विमान उडालं ते पश्चिमेकडे. काका कठड्याशी उभे राहून बघत होते. "हे वर कुठं वळत नाय," म्हणाले.

"हे मुंबईचं आहे, काका. वर वळणारं पुढचं."

"व्हय, व्हय."

मला त्यांची आठवण येते ती याच उभ्या आकृतीची. पांढरा शर्ट, खिशात फीत, तोंड आकाशाकडे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. संदीप पाचच्याच विमानानं आला, आणि त्या वेळीही तो वेळेत पोचला नव्हता. जिन्यात कुणी काही बोललं नाही.

पण त्या दुपारचा हिशेब पुरा करायला हवा. काकांवर मी आठवडाभर संशय घेतला होता आणि तो खोटा निघाला होता. स्कूटरशी आलो तेव्हा मी खिसा चाचपला. नाणं होतं. मी ते त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी नाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि ते खिशात टाकलं.

दिले: रुपये पाच, संदीप रंगनाथ देवकते यास. आणि रुपये पाच, रंगनाथ देवकते, मोजणीदार, यांस. दोन्ही रोख, हातात.